चौथा भिडू

मखमलाबाद, शनिवार, २८ नोव्हेंबर १९९८

पाय मोडल्याला आज पाच दिवस झाले. मनमाडच्या खोलीत न्हाणीघरात घसरले, घरमालकिणीने फोन केला आणि रंगनाथ टेम्पो घेऊन हजर झाला. फुलांचा टेम्पो. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून, आणि निवृत्तीनंतर सहाव्याच महिन्यात माझी रवानगी झेंडूच्या रिकाम्या क्रेटांमध्ये गादी टाकून. स्टेशनसमोरून जाताना दोन माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला. मी डोळे मिटून घेतले.

"आक्का, एकटी कशी राहशील? घरी चल," हे एकच वाक्य रंगनाथ मनमाड ते नाशिक म्हणत होता. माझ्या धाकट्या भावाकडे शब्दांचा साठा पहिल्यापासूनच कमी. मी स्पष्ट सांगितलं आहे : प्लॅस्टर निघेपर्यंत, सहा आठवडे. पुढे एक दिवसही नाही.

घरात पुस्तक म्हणावं तर पंचांग आणि टेलिफोनची डिरेक्टरी. मला दिलेली खोली बरी आहे, पण खिडकीतून वारा येतो. रंगनाथ माझ्या दाराबाहेर जमिनीवर झोपतो आणि घोरतो. स्वतःच्या खोलीत झोपायला त्याला काय होतं, कोण जाणे.

सोमवार, ३० नोव्हेंबर

हे लोक रोज पत्ते खेळतात. रोज! दिवेलागण झाली की पडवीत सतरंजी पडते. रंगनाथ, त्याची बायको सिंधुबाई, सव्वीस वर्षांचा सोमनाथ आणि दहावीला असलेली रूपाली. खेळ मेंढीकोट. दोन-दोन भिडूंची जोडी, दश्शीला मेंढी म्हणायचं, आणि चारही मेंढ्या ज्या जोडीने मारल्या तिने समोरच्यांवर कोट चढवला, असा हा बौद्धिक व्यवहार. कोट चढला की इतका आरडाओरडा होतो की शेजारचा कुत्राही भुंकतो. पत्ते इतके जुने की कडा मऊ पडल्यात. चौकटची सत्ती हरवली म्हणून लग्नपत्रिकेचा तुकडा कापून त्यावर रूपालीने सात चौकटी काढल्यात.

मी खोलीत पडून ऐकत होते. दीड तासात एकही वाक्य असं नाही की जे लिहून ठेवावं.

रविवार, ६ डिसेंबर

निरीक्षण करायला दुसरं काही नाही म्हणून यांचं करते.

सिंधुबाई : निरक्षर. सही म्हणून कसंबसं 'सिंधु' काढते, वेलांटी उलटी. माझ्यासाठी पहाटे पाणी तापवते ते हमखास जास्त कडक. सांगितलं तर म्हणते, "वन्सं, थंडीचं कडकच बरं." स्वतः गार पाण्याने उरकते, अंगाला सवय आहे.

सोमनाथ : आयटीआय झालेला. सातपूरच्या एका कंपनीत टेंपरवारी. बाप आणि मुलगा दिवसभर एकमेकांशी बोलत नाहीत. सकाळी रंगनाथ फुलं मोजतो, सोमनाथ मोटरसायकल काढतो, एक शब्द नाही. संध्याकाळी पत्त्यांवर मात्र "दादा, उतारी तुमची", "सोमा, हुकूम झाकून ठेव", असं सुरू होतं. माणसाला बोलण्यासाठी किलवर-इस्पीक लागतात ही काय तऱ्हा!

रूपाली : गणित कच्चं. आज एक उदाहरण घेऊन अर्धं पान खरडत बसली होती. एक नळ टाकी बारा तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ? पत्ते पिसता पिसता रंगनाथ म्हणाला, "चार तास."

मी विचारलं, "रीत कुठे आहे? रीत न लिहिता आलेल्या उत्तराला मी शून्य देत असे."

"विहिरीवर दोन मोटरी चालवल्यात आक्का," तो म्हणाला आणि हसला.

अंदाजपंचे लागलं असणार.

रविवार, १३ डिसेंबर

आज माझी इभ्रत गेली.

रूपालीला ताप आला म्हणे, चौथा भिडू नाही म्हणे. रंगनाथ दारात येऊन उभा राहिला. "आक्का, पाय हालवायचा नाय, नुसता हात हालवायचा." मी नाही म्हटलं. सिंधुबाई आली. नाही म्हटलं. मग तिघे पडवीत सतरंजीवर पत्ते न वाटता गप्प बसून राहिले, एखाद्या शोकसभेसारखे. शेवटी त्या शांततेचाच त्रास व्हायला लागला म्हणून खुर्ची बाहेर काढायला सांगितली.

माझी जोडी सिंधुबाईशी. मी मनात म्हटलं, ही बाई दहापर्यंत आकडे तरी ओळखते का? तर तिसऱ्याच हाताला मी राजा टाकला आणि तिने कपाळाला हात लावला. "वन्सं, एक्का अजून भायेर हाय. ह्यांच्याकडं." आणि खरोखरच रंगनाथकडे एक्का होता. कोणतं पान गेलं, कोणतं राहिलं, कुणी कोणतं लपवलं, सगळं तिच्या डोक्यात. एम.ए. बी.एड. बाईवर कोट चढला, तोही माझ्याच चुकीने. सोमनाथ तोंड फिरवून हसत होता.

पाठांतराची शक्ती काही लोकांत उपजत असते. बुद्धीशी तिचा संबंध नाही.

ताप आलेली रूपाली नंतर मागच्या दारी मीठ लावून पेरू खाताना दिसली.

मंगळवार, २२ डिसेंबर

रूपाली म्हणते आता तिला अभ्यास आहे, तेव्हा आत्यानेच बसावं. बसते. दुसरं काय करणार? इथे रेडिओसुद्धा नीट लागत नाही.

आज आम्ही त्यांच्यावर कोट चढवला. सिंधुबाईने इस्पीकची राणी जपून ठेवली होती, आणि मी ते ओळखून तिला वाट करून दिली. काही विशेष नाही. फक्त नोंद.

मंगळवार, ५ जानेवारी १९९९

प्लॅस्टर निघालं. डॉक्टर म्हणतात अजून महिनाभर काठी, जिना नको. मनमाडची खोली माडीवर आहे. म्हणजे महिनाभर हेच.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. सिंधुबाईने मलाही वाण दिलं, कुंकू न लावता, गूळ हातावर ठेवून. बिनलग्नाच्या बाईला वाण देतात का, असं कुणीसं विचारलं तर म्हणाली, "आमची रीत हाय." शास्त्र नाही, आधार नाही, मनाला येईल ते करायचं.

मंगळवार, १९ जानेवारी

पूर्वपरीक्षेचा निकाल. रूपाली, गणित : दीडशेपैकी एकावन्न.

मी हा कागद हातात घेऊन पडवीत गेले. सतरंजी पडलेली, पत्ते वाटलेले, आणि रूपाली बापाच्या मागे बसून त्याची पानं बघत होती. मी म्हटलं, "या घरातल्या मुलीचं वाटोळं या बावन्न कागदांनी केलं आहे."

मी पत्ते गोळा केले. तिघांनीही आपापल्या हातातली पानं मुकाट दिली, जसे वर्गात देतात. मग मी ते फाडले. एकदम फाटत नाहीत, चार-चार घ्यावे लागतात. सिंधुबाई "वन्सं" एवढंच म्हणाली. रंगनाथ उठला, तुकडे गोळा केले आणि म्हणाला, "आक्का म्हणते तर नको. पोरीची परीक्षा होऊ दे."

छत्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, कठोर निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो.

शनिवार, २३ जानेवारी

घर शांत. रूपाली माझ्यासमोर बसून गणितं सोडवते, म्हणजे पेन्सिल चावते. सोमनाथ कंपनीतून येतो, जेवतो, मोटरसायकल काढून गावात जातो. रंगनाथ संध्याकाळी फुलांच्या शेडमध्ये एकटाच बसतो, हातात काही काम नसतं. सिंधुबाई दोन वेळा सतरंजी झटकून परत घडी घालून ठेवताना दिसली.

हवी होती ती शांतता मिळाली. वाचायला घेतलेलं पुस्तक मात्र पुढे सरकत नाही.

बुधवार, २७ जानेवारी

आज स्फोट झाला.

सोमनाथला कंपनीचं पत्र पोस्टाने आलं, कायम केल्याचं. पत्र रंगनाथच्या हाती पडलं. सोमनाथ दारात पाऊल ठेवतोय तोच विचारलं, "कधी सांगणार होता?"

"कधी सांगू? तुम्ही बोलता कुठं माझ्याशी?"

"तीन पाळ्या करायच्या मंग? फुलं कोण तोडणार? ही वाडी कोण बघणार?"

"माणसं लावा."

"माणसं लावून फुलशेती होत नाय. घरचं माणूस लागतं पहाटे."

"मग काय, तुमच्यासारखा मीपण जन्मभर झेंडूच तोडू? तुम्ही सातवी नापास झाले म्हणून तुम्हाला इलाज नव्हता. मला हाय."

सिंधुबाई पिठाच्या हाताने बाहेर धावत आली. "सोमा, कुणाला नापास म्हणतो तू? तुला काय ठाऊक..."

"सिंधू, आत जा." रंगनाथचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती गेली. ही बाई भाकरी अर्धवट टाकून येते आणि वाक्य अर्धवट टाकून जाते.

सोमनाथ कपड्यांची पिशवी भरून निघाला. सातपूरला मित्रांच्या खोलीवर राहणार म्हणे. रंगनाथने अडवलं नाही.

बोलण्याची पद्धत उद्धट होती हे खरं, पण मुद्द्यात मुलाचं काय चुकलं? नापास तो नापास. १९५४ साली सातवीच्या फायनलला आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच वर्गातून बसलो होतो. मला शाळेत उशिरा घातलं होतं म्हणून. निकालाचा कागद मी स्वतः वाचला. माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. मी पुढे शिकले, तो वाडीत गेला. हा इतिहास आहे, यात लाजण्यासारखं काय?

रविवार, ३१ जानेवारी

हे लिहू की नको, सकाळपासून ठरत नव्हतं. लिहिते.

सिंधुबाई मटार सोलत होती. चार दिवसांत ती निम्मी झाल्यासारखी दिसते. मी सहज म्हटलं, म्हणजे थोडं कडकपणेच म्हटलं, की मुलं बापाला नापास म्हणतात त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे.

तिने शेंग खाली ठेवली. "वन्सं, ह्यांनी मला शपथ घातली व्हती. लग्न झालं त्या वर्षी. आज मोडते. पाप लागलं तर मला लागू दे."

मग तिने सांगितलं. आमच्या बापाने, भिमाजींनी, परीक्षेच्या आधी ठरवून टाकलं होतं : पुढे एकालाच शिकवीन, दोघं पास झाले तर पोरगा शिकेल, पोरीचं लगीन उरकून टाकू. पिंपळगावचं स्थळही आलं होतं. हे रंगनाथने गोठ्यात ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं.

"म्हणून ह्यांनी गणिताचा पेपर कोरा दिला. वरती नाव लिवलं फकस्त. मास्तरांनी मारलं, सासऱ्यांनी मारलं, पण ह्ये बोलले न्हाईत. गणितात पयला नंबर यायचा ना वो ह्यांचा?"

यायचा. चौथीपासून त्याचाच यायचा. मी विसरले होते. की विसरणं मला सोयीचं होतं?

त्या दिवशी तो अर्ध्या तासात पेपर देऊन बाहेर पडला होता. मी दोन तासांनी बाहेर आले तर शाळेच्या कट्ट्यावर पाय हलवत बसला होता, मला विचारत होता, "आक्का, सगळी सोडवली का गं?" मी ही गोष्ट दर वर्षी वर्गात सांगत असे. अर्ध्या तासात पेपर देणाऱ्या आळशी मुलाची गोष्ट. त्याचं पुढे काय झालं, तर तो झेंडू तोडतो. मुलं हसायची. छत्तीस वर्षं मुलं हसायची.

कॉपी करणाऱ्या मुलाला मी वर्गाच्या दारातून ओळखत असे, असा माझा लौकिक होता.

सिंधुबाई परत मटार सोलायला लागली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सोलू लागले. माझ्याकडून दाणे सांडत होते. ती गुपचूप वेचत होती.

बुधवार, ३ फेब्रुवारी

कुणालाही न सांगता रिक्षा करून सातपूरला गेले. पंचवटी कारंजापर्यंत एक, पुढे दुसरी. त्याआधी एका स्टेशनरीच्या दुकानात थांबले आणि पत्त्यांचा जोड मागितला. आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदाराने "मावशी, प्लास्टिकचे देऊ की साधे?" असं मोठ्याने विचारलं. मागे दोन शाळकरी मुलं वह्या घ्यायला उभी होती. म्हटलं, साधे.

कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून राहिले. साडेतीनला पहिली पाळी सुटली. निळ्या गणवेशातला सोमनाथ मला बघून धावत आला.

"आत्या? तुम्ही? घरी काय झालं? दादा बरे हायेत ना?"

पहिला प्रश्न बापाचाच. मी ते लक्षात ठेवलं.

"सगळे बरे आहेत. चौथा भिडू नाही," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. "पत्ते तर तुम्हीच फाडले."

"फाडले. चूक केली." हे दोन शब्द मी याआधी कुणासमोर म्हटल्याचं आठवत नाही. वाटतं तितके जड नाहीत.

"दादांनी पाठवलं?"

"तुझ्या दादांना ठाऊक नाही. आणि तुझ्या दादांविषयी तुला एक ठाऊक नाही. मलाही नव्हतं." मग त्या बाकड्यावर, ट्रक जा-ये करत असताना, मी त्याला कोऱ्या पेपरची गोष्ट सांगितली. जशी घडली तशी. सांगताना मला दोनदा थांबावं लागलं. टपरीवाल्याने न मागता पाणी दिलं.

सोमनाथ बराच वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत होता. "मी नोकरी सोडणार नाय आत्या," तो शेवटी म्हणाला.

"सोडू नको. सोड म्हणायला मी आले नाही. ज्या घरात मला नोकरी करू दिली, त्या घरात तुलाही करू देतील. पण हे त्याला तोंडाने सांग. आणि बोलायला जमत नसेल तर हातात पत्ते घेऊन सांग, तुमच्याकडे तशीच रीत आहे."

तो हसला. मला मोटरसायकलवर बसवून पंचवटीपर्यंत सोडलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, काठीसकट. मखमलाबादला मात्र आला नाही. "बघतो" म्हणाला.

शनिवार, ६ फेब्रुवारी

आला नाही.

पत्ते माझ्या पेटीत आहेत. रूपालीला नळाच्या टाकीचं उदाहरण मी तिसऱ्यांदा समजावत होते, तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी शेडमध्ये जाऊन रंगनाथला म्हटलं, "तू सांग तिला. तुझ्या पद्धतीने." तो दचकला. हात धोतराला पुसले, येऊन तिच्याजवळ बसला, दोन मोटरी, एक हौद, तासाला किती भरला. पाच मिनिटांत पोरीने आणखी तीन उदाहरणं सोडवली. मी बाजूला बसून होते. चार वर्षं बी.एड.च्या मुलींना मी शिकवण्याच्या पद्धतीवर व्याख्यानं दिली आहेत.

रविवार, ७ फेब्रुवारी

संध्याकाळी पाच वाजता मोटरसायकलचा आवाज आला. सिंधुबाई चुलीपुढून उठली नाही, नुसता भाकरी टाकताना तिचा हात थांबला. सोमनाथ आत आला, पिशवी खुंटीला लावली, जणू बाजारातून आलाय.

रंगनाथ पडवीत होता. बाप-लेक एकमेकांकडे बघून गप्प. हे असंच रात्रीपर्यंत चाललं असतं, म्हणून मी खोलीतून नवा जोड आणला आणि सतरंजीवर टाकला. मी म्हटलं, "रूपाली, सात वाजेपर्यंत तुला सुट्टी, बघत बस. पण आज जोड्या बदलायच्या. मी आणि रंगनाथ, समोर सिंधुबाई आणि सोमनाथ."

नवे पत्ते निसरडे असतात. पिसताना रंगनाथच्या हातातून दोनदा सांडले. वाटले. दोन-तीन हात झाले. मग सोमनाथ पानांकडे बघतच म्हणाला, "दादा, पहिली पाळी मागून घेतली मी. सात ते साडेतीन, कायम तीच. पहाटे चारपास्नं साडेसहापर्यंत मी वाडीत हाय. फुलं तोडून मग जाईन."

रंगनाथने पान टाकलं. "झोप कवा घेशील?"

"दुपारी आल्यावर."

"मोटरसायकल हळू चालवीत जा," रंगनाथ म्हणाला. एवढंच. सिंधुबाईने पदराने चेहरा पुसला आणि आमची मेंढी मारली.

दोन डाव हरलो. तिसऱ्याच्या आधी सिंधुबाई चहा ठेवायला गेली, मुलं तिच्यामागे गेली, आणि पडवीत आम्ही दोघंच उरलो. जी गोष्ट त्याने चव्वेचाळीस वर्षं लपवली, तिच्याविषयी मी आज विचारलं.

"रंगनाथ, तू मला का नाही सांगितलंस?"

कशाविषयी, हे त्याने विचारलं नाही. आत भांडी वाजत होती. तो तिकडे एकदा बघून हसला, सिंधुबाईने शपथ मोडल्याचं त्याला कळलं. मग पत्ते सारखे करत राहिला.

"सांगितलं असतं तर तू शाळा सोडून घरी आली असतीस," तो म्हणाला. "तुझा स्वभाव मला ठाऊक नाय का? तू म्हटली असती, मला नको तुझे उपकार. मंग दोघं बी वाडीत."

मला काहीतरी बोलायचं होतं. शुद्ध, नेमकं, व्याकरणात बसणारं. सापडलं नाही. मी म्हटलं, "मनमाडची खोली पुढच्या महिन्यात सोडते. जिना मला झेपणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग बाहेर थंडीत झोपायचं माझं सुटलं. तुझ्या खोलीत दुसरी खाट बसती, रूपाली झोपंल तुझ्याजवळ. तुला रात्री उठावं लागलं तर हाक ऐकू यावी म्हणून दाराशी झोपत होतो."

मुलं चहा घेऊन आली. सिंधुबाई बसली. रंगनाथने पानं वाटली, तेरा-तेरा, न मोजता, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, उतारी तुझी."

मी कोणतं पान टाकलं ते मला दिसत नव्हतं. चुकीचंच असणार, कारण सिंधुबाई हसली, आणि रंगनाथने मुकाट्याने आपला एक्का त्यावर टाकला.